बाबा रुसलेत की आजारी आहेत, हे स्कॅन सांगेल का?

प्रश्न (ओळख पुसून, थोडक्यात) : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एकतीस वर्षांच्या शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. घरची आठ एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. वडील अठ्ठावन्न वर्षांचे. आधी हाताची पकड गेली, मग जीभ जड झाली. गेल्या दिवाळीनंतर नागपूरला मोटर न्यूरॉन डिसीजचं, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याच्या आजाराचं निदान झालं. डोक्याचा आणि मानेचा एमआरआय ‘नॉर्मल’ आला. डॉक्टर म्हणाले, स्नायू जातील, पण बुद्धी शाबूत राहील.

घरात मात्र वेगळंच दिसतं आहे. लम्पीच्या साथीत जोडीतला एक बैल मेला. त्याला पुरून सगळे घरी आले, तर ओसरीवर बसलेले वडील एवढंच म्हणाले, “चहा झाला का?” पोळ्याच्या आदल्या रात्री खांदमळणीला ज्यांनी कधी दुसऱ्याला हात लावू दिला नाही, ते हे वडील. त्यानंतरच्या पाडव्याला मुलानं चार एकर ठेक्यानं द्यायचं ठरवलं आणि बापलेकांचं मोठं भांडण झालं. आता आत्याच्या तेरवीत वडील मोठ्यानं हसले. गुळाची ढेप लपवून ठेवावी लागते. नातू मांडीवर आला तरी त्याच्याकडे बघत नाहीत. मध्यंतरी गावातल्या एकाकडून पन्नास हजारांचा इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) घेऊन तीन एकराच्या विक्रीच्या चिठ्ठीवर अंगठा लावून मोकळे झाले. मोठे काका सांगतात, “तुया बापाचं डोस्कं शाबूत हाय, तुयावरच रुसला हाय तो.” आई म्हणते, ते मनातून खचलेत. पुण्यातल्या बहिणीच्या नवऱ्यानं कुठंतरी वाचलं की विचार आणि वागणं दाखवणारे मेंदूचे नवे स्कॅन निघालेत.

प्रश्न असा : उरलेला बैल विकून आणि बायकोची पोत मोडून हा स्कॅन करावा का? एकदाचं कळेल की बाबा रुसलेत की हा आजारच आहे, आणि काकांसमोर रिपोर्ट ठेवता येईल.

उत्तर :

भाऊ, बैल विकू नका आणि पोत मोडू नका. तुम्हाला हवं ते उत्तर त्या यंत्रात नाही. बरंचसं ते तुमच्याच पत्रात आहे, तिथं मी येतेच. आधी डॉक्टरांच्या त्या वाक्याबद्दल बोलू, कारण गोंधळ तिथून सुरू झाला.

‘स्नायू जातात, बुद्धी राहते’ हे काही त्यांनी मनानं सांगितलेलं नाही. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६९ च्या सुमारास या आजाराचं वर्णन केलं, तेव्हापासून शंभर-सव्वाशे वर्षं पाठ्यपुस्तकांत साधारण तेच छापलं जात होतं. लोकांसमोर उदाहरणही भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं. एकविसाव्या वर्षी, १९६३ मध्ये निदान झालं, आणि २०१८ मध्ये जाईपर्यंत माणूस विश्वाचं गणित मांडत होता. अनेक रुग्णांत विचारशक्ती खरोखरच शेवटपर्यंत टिकते, तेव्हा ते वाक्य सगळंच खोटं नाही. पण ते सगळ्यांना लागू नाही, हे आता पक्कं कळलेलं आहे. जवळपास निम्म्या रुग्णांत विचार करण्यात किंवा वागण्यात काही ना काही फरक पडतो. बहुतेकांत तो सौम्य असतो. शंभरातल्या दहा-पंधरा जणांत मात्र तो इतका वाढतो की त्याला फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणावं लागतं, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागाचा ऱ्हास. २००६ मध्ये या दोन आजारांमधला धागाही सापडला. टीडीपी-४३ नावाचं एक प्रथिन पेशीत नको तिथं साचतं. मोटर न्यूरॉन डिसीजच्या बहुतेक सगळ्या रुग्णांत ते दिसतं, आणि त्या डिमेन्शियाच्या साधारण निम्म्या रुग्णांतही.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याकडे लोकांना विसरभोळेपणा आठवतो. इथं तसं नसतं. आज वार कोणता, गाव कोणतं, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करा, अशा ओपीडीतल्या नेहमीच्या प्रश्नांत असा माणूस छान पास होतो. जातं ते वेगळंच. उठून काही करावंसं वाटणं जातं. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं जातं. पुढचा परिणाम बघून हात आवरणं जातं. तुमचे काका बहुतेक एवढंच बघतात की बाबांना सातबाऱ्याचा गट नंबर तोंडपाठ आहे. असेलही. त्यावरून तीन एकराचा सौदा त्यांनी विचार करून केला असं ठरत नाही.

आता स्कॅनचं. ‘नॉर्मल’ आलेला तुमचा एमआरआय वाया गेला असं समजू नका, त्याचं कामच निराळं होतं. मानेत मणक्याखाली मज्जारज्जू दबला असेल किंवा डोक्यात गाठ असेल तरी हातपाय असेच जाऊ शकतात, आणि त्यावर इलाज असतो. तसं काही नाही ना, हे बघायला तो काढतात. तिथं नॉर्मल लिहिलं, याचा अर्थ ‘दुसरं काही सापडलं नाही’. मेंदूत कसलाही बदल नाही, असा त्याचा अर्थ लावायचा नसतो.

बहिणीच्या नवऱ्यानं वाचलं ते संशोधनातलं आहे, आणि ते खोटं नाही. मेंदूचा बाहेरचा करडा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीचा. एमआरआयच्या चित्रांवरून संगणक ती जाडी मोजतो. या आजारात हालचालींच्या पट्ट्यात हा थर पातळ झालेला दिसतो, आणि ज्यांचं वागणं बदललंय त्यांच्यात ते पातळपण पुढे कपाळामागे आणि कानशिलांपर्यंत पसरलेलं दिसतं. दुसरा प्रकार पाण्याचे रेणू कुठल्या दिशेनं सरकतात ते बघतो. तंतूंचे जुडगे धड असतील तर पाणी त्यांच्या लांबीनं वाहतं, तंतू झिजले की ते कुठंही पसरतं. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलात अशी झीज सापडते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचून मेंदूचा कुठला भाग ती कमी उचलतो ते बघतात. १९९० च्या दशकात लंडनच्या संशोधकांनी रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवून ठरावीक अक्षरावरून शब्द सांगायला लावले, तेव्हा कपाळामागचा भाग निरोगी माणसांइतका जागा होत नाही, असं दिसलं. उदासीनपणा वाढलेल्या रुग्णांत मेंदूच्या आतल्या बाजूची एक घडी, पुढचा सिंग्युलेट, झिजलेली आढळते. काम उरकायची ऊर्मी जिथं तयार होते, त्या जाळ्यातली ती एक जागा.

मग करायला काय हरकत आहे? हरकत ही की यातलं जवळपास सगळं पन्नास रुग्ण एका बाजूला आणि पन्नास निरोगी दुसऱ्या बाजूला ठेवून काढलेल्या सरासरीचं आहे. जिल्ह्यात सरासरी किती पाऊस झाला ते कळलं म्हणून तुमच्या वावरात किती पडला हे सांगता येत नाही, तसंच. एकेकट्या माणसाची चित्रं एकमेकांत इतकी मिसळतात की वागणं नीट असलेल्याचा थर पातळ निघू शकतो आणि वागणं बिघडलेल्याचा एमआरआय साफ. काम करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते दाखवणारा फंक्शनल एमआरआय, विचार आणि वागणं तपासायला रोजच्या उपचारात कुणी वापरत नाही. पेट स्कॅनची यंत्रं आपल्याकडे मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी चालतात. कपाळामागचा भाग ठळकपणे सुकलेला किंवा साखर कमी उचलणारा दिसला तर निदानाला बळ मिळतं, आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी नेमक्या कारणासाठी स्कॅन सांगितला तर तेव्हा विचार करा. पण तो साफ आला तर? काका तोच कागद तुमच्यासमोर ठेवतील. पुरावा म्हणून जी गोष्ट अशी उलटू शकते, तिच्यावर बैल लावू नये असं माझं मत.

एक अपवाद आहे, तो इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावा. माणूस पडला आणि त्यानंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांत सुस्त झाला, बरळू लागला, वागणं एकाएकी पालटलं, तर थांबू नका. डोक्यात रक्त साचलं असू शकतं, आणि त्यासाठी साधा सीटी स्कॅन लगेच लागतो.

आता तुमच्या पत्राकडे येते. काकांचं म्हणणं असं की बाबा ठेक्याच्या भांडणापासून रुसले. पण तुम्हीच लिहिलेला क्रम बघा. बैल आधी मेला. ‘चहा झाला का’ हे आधीचं आहे, पाडव्याचं भांडण नंतरचं. जो माणूस जोडीच्या खांद्याला लोणी-हळद दुसऱ्याला लावू देत नव्हता, त्याला बैल पुरून आल्यावर काहीच वाटलं नाही, तेव्हा तुमच्या दोघांत काहीही बिनसलेलं नव्हतं. हात लुळा पडायच्या आधी वागणं बदलू शकतं, हे या आजारात माहीत असलेलं आहे. मी इथं बसून निदान करत नाही, पण तज्ज्ञ नेमकं हेच विचारतात : पूर्वी कसे होते, काय बदललं, कधीपासून. हे त्यांना घरचं माणूसच सांगू शकतं.

गुळाचंही तसंच. अचानक गोडाचा हव्यास लागणं, एकच पदार्थ मागणं, तोंडात कोंबणं हे कपाळामागचा भाग बिघडल्याच्या ओळखीच्या खुणांपैकी आहे. तेरवीतलं हसणं मात्र कदाचित या सगळ्याहून निराळं असेल. मेंदूकडून चेहऱ्याकडे येणाऱ्या वाटेवरचा लगाम सुटला की मनात दुःख असतानाही हसू फुटतं, किंवा उगाच रडू येतं. मन बिघडलं नसतानाही ते होतं, आणि त्यावर औषधं आहेत. डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण ओपीडीत ते दिसेलच असं नाही. त्या दिवशी बाबांना आत्याचं काहीच वाटलं नाही, असं तेवढ्या हसण्यावरून ठरवू नका.

आईंचं ‘खचलेत’ हे पटकन झटकू नका. उदास माणूस आणि निरिच्छ माणूस दोघंही बाजेवर गप्प पडून असतात. फरक विचारल्यावर कळतो. खचलेला माणूस रडतो, मी ओझं झालो म्हणतो, झोप उडालेली असते, नातवाकडे बघून त्याचे डोळे भरतात. निरिच्छ झालेल्याला त्रास होत नसतो, त्याला काही वाटेनासं झालेलं असतं. दोन्ही एकत्रही असू शकतं. खचलेपणावर औषध चालतं, म्हणून ते तपासून घ्यायचं. मरणाची भाषा आली तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फोन करा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि तशी भाषा आली नसली तरी फवारणीचे डबे आजच घराबाहेर, कुलपात गेले पाहिजेत. आवर सुटलेल्या माणसाच्या घरात ते नकोतच.

मग करायचं काय? नागपूरला, सेवाग्रामला किंवा सावंगीला, जिथं मेंदूविकार विभाग आहे तिथं परत जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, ‘वागणं बदललंय, त्याची तपासणी करा.’ या आजारासाठी एडिनबरोमध्ये तयार झालेली ईकास नावाची चाचणी आहे. वीसेक मिनिटांची, कागद-पेनाची, हात किंवा जीभ चालत नसली तरी घेता येईल अशी बेतलेली. तिचा एक भाग रुग्णाला बाजूला ठेवून घरच्यांना विचारायचा असतो. तीच मिळेल असं नाही. मानसशास्त्रज्ञ कपाळामागच्या भागाच्या दुसऱ्या चाचण्या घेतील. महत्त्वाचं हे की आईंना डॉक्टरांशी दहा मिनिटं एकटीनं बोलू द्या. बाबांच्या समोर बाई काही बोलणार नाही. जाण्याआधी वहीत चार-पाच प्रसंग तारखेसह लिहा, सणावारावरून तारीख लागते. ‘चिडचिडे झालेत’ असं लिहू नका, ‘बैल पुरून आलो तेव्हा चहा मागितला’ असं लिहा.

तिथंच श्वासाचंही विचारा. सकाळी डोकं दुखतं का, रात्री सपाट झोपवत नाही का, दिवसा डुलक्या येतात का. छातीचे स्नायू थकले की रात्री रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि डोकं जड, मंद होतं. श्वासाला मदत करणारं मास्कचं मशीन लावल्यावर यातलं काही सुधारतं. थायरॉइड, बी-१२, सोडियम या साध्या रक्ततपासण्याही राहिल्या असतील तर करून घ्या. स्कॅनच्या मानाने हा किरकोळ खर्च आहे आणि सापडलं तर दुरुस्त होणारं आहे. पैसे जपायचे ते यासाठी : ते मशीन, पुढं गिळणं बंद झालं तर पोटातली नळी, रोजच्या गोळ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यावरून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज अजून केला नसेल तर तहसीलचा तो फेरा करा.

मशीन आणि नळीबद्दल बाबांचं मत आत्ताच विचारून ठेवा. वागणं बदललेले रुग्ण पुढं मास्क काढून फेकतात, नळी नको म्हणतात, आणि तेव्हा ती इच्छा समजायची की आजार, यावर घराचे दोन तट पडतात. एका वेळी एकच प्रश्न, तोही दोन पर्यायांचा. ‘काय करायचं बाबा?’ असं विचारू नका. ‘मशीन लावायचं की नाही?’ असं विचारा आणि थांबा.

घरातलं रोजचंही याच रीतीनं. वाद घालून पटवायला जाऊ नका, हरणार तुम्हीच. उठणं, अंघोळ, जेवण ठरलेल्या वेळी, रोज तसंच. गूळ हवा तर छोटा खडा हातावर द्या आणि गिळेस्तोवर शेजारी बसा. गिळणं कमजोर झालेला माणूस घास कोंबू लागला की ठसका जिवावर बेततो. गाडीची चावी आणि फोनमधलं पैशाचं ॲप तुमच्याकडे घ्या. नातवाला त्यांच्या मांडीवर बळंच बसवू नका, पण त्याला ओसरीवर खेळू द्या. ते बघत नाहीत असं वाटतं, तरी त्यांची आठवण शाबूत असणार. तुम्ही त्यांच्यादेखत काकांशी जे बोलता ते सगळं त्यांच्या कानावर जातं आणि राहतं.

काकांना रिपोर्ट दाखवून काही होणार नाही. भावकीत कागदानं कुणाचं मत बदललेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यांना पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्याशी बोलू द्या. त्याआधी दोन दिवस आईंना माहेरी पाठवा आणि बाबांपाशी काकांना ठेवा, ‘तुमचंच ऐकतात ते’ म्हणून. तुमच्यापेक्षा आईंना या सुट्टीची गरज जास्त आहे. अशा घरांमध्ये सांभाळणाऱ्याला लुळ्या हातापायांपेक्षा बदललेल्या वागण्याचा भार जास्त होतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे. त्यांना एकदा कुणीतरी सांगायला हवं की नवरा ‘असा का वागतो’ याचं उत्तर त्यांच्या संसारात शोधायचं नाही.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकते, ती बोलून टाकते. रुसलेत की आजारी आहेत, यातलं एकच खरं असेल असं तुम्ही धरून चालला आहात. चार एकर ठेक्यानं दिल्याचा राग बाबांना आलाही असेल. तो रास्त असेल, आणि आजारानं त्याला धरबंद राहिला नसेल. मेंदूच्या कुठल्याही चित्रात राग आणि झीज अशा वेगळ्या रंगांत दिसत नाहीत. आजार ठरला तर तुम्ही सुटलात आणि रुसवा ठरला तर तुम्ही गुन्हेगार, असा निकाल लागायची वाट बघू नका. ठेका का द्यावा लागला, मजुरी किती, वेचाईला माणसं मिळत नाहीत, हे त्यांच्याशेजारी बसून एकदा सांगा. उत्तर आलं नाही तरी चालेल.

तुम्ही विचारलं नाही, पण बहिणीच्या मनात नक्की असणार, म्हणून : दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्णांच्या घरात हा आजार दुसऱ्या कुणाला नसतो. बाबांच्या भावंडांत किंवा आजी-आजोबांत असा लुळेपणा किंवा असं विचित्र वागणं होतं का, एवढं काकांना विचारून घ्या आणि तज्ज्ञांना सांगा. तसं असेल तर जनुकतपासणीबद्दल ते बोलतील.

सगळ्यात घाईचं काम इसाराचं आहे, आणि त्यालाही स्कॅन लागत नाही. इसार चिठ्ठीनं जमीन जात नाही, नोंदणी केलेल्या खरेदीखतानं जाते, तेव्हा ते होण्याआधी हालचाल करा. सौदा करताना माणसाला व्यवहार समजत होता का आणि आपलं भलंबुरं ठरवता येत होतं का, हे कायदा बघतो. त्यासाठी डॉक्टरांनी तपासून लिहिलेली नोंद उपयोगाची, म्हणून वर सांगितलेली तपासणी लांबवू नका. जमीन वडिलोपार्जित असेल तर तुमचा आणि बहिणीचाही त्यात हक्क आहे, सातबारा आणि फेरफार काढून ठेवा. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. अपंग व्यक्तीला तिथं वकील मोफत मिळतो, प्रमाणपत्र सोबत न्या. इसार देणाऱ्याशी चारचौघांत भांडू नका, वकिलामार्फतच बोला. आणि ते पन्नास हजार घरात असतील तर बियाण्याला, दवाखान्याला, कशालाही वापरू नका. परत करायचे आहेत.